‘जाऊन पाह’ म्हणणारे सर

सर,

परवा अड्याळच्या शाळेत तुमची शोकसभा झाली. मी गेले होते. दोन मिनिटं सगळ्यांबरोबर उभी राहिले, आणि बोलायला माझं नाव पुकारलं तेव्हा मान हलवून नाही म्हटलं. मुख्याध्यापकांना वाटलं, बाईंना भरून आलंय. त्यांनी माइकवरून तसं सांगूनही टाकलं. मला भरून आलं नव्हतं. मला राग आला होता. गेलेल्या माणसावरचा राग त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर काढायचा नसतो, एवढं मला कळतं. म्हणून तिथे गप्प बसले आणि आता बोलते आहे.

सगळे एकच बोलले. सरांनी आम्हाला नुसतं शिकवलं नाही, आयुष्यभर शिकत राहायला शिकवलं. पाटबंधारे खात्यातला आपला इंजिनिअर हे बोलला, भंडाऱ्याच्या कॉलेजातला प्राध्यापक हेच बोलला, बँकेतला तो उंच पोरगा तर रडलाच. ‘कापगते सरांनी कधी उत्तर दिलं नाही, म्हणून आज मी इथे आहे,’ असं तो म्हणाला आणि टाळ्या पडता पडता राहिल्या. मी त्या खुर्च्यांकडे पाहत होते. बसलेले सगळे पास झालेले होते. तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून जे बुडाले, त्यांना शाळेनं कार्ड पाठवलं नव्हतं. पंचफुलाचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. आमच्या वर्गात तिच्याएवढं शिकणारं दुसरं कोणी नव्हतं, सर. हे तुम्हीच तिच्या बापाला सांगितलं होतं.

तुम्ही आम्हाला नववीत आलात. शास्त्र आणि भूगोल. करडीचे तुम्ही, घरची धानाची शेती भाऊ पाहायचा, तुम्ही अड्याळला खोली करून एकटे राहायचात आणि शनिवारी सायकल घेऊन गावी जायचात. पहिल्याच आठवड्यात मी हात वर करून विचारलं होतं, तलावातली शेवाळ उन्हाळ्यात वर का येते. मला वाटलं, प्रश्न विचारला म्हणून शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, “मले काहून विचारून राहिलीस? तलाव का माह्या खिशात आहे? जाऊन पाह.”

वर्ग हसला. मी खाली बसले. त्या दिवशीच तुम्ही मला आवडेनासे झालात, आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेवाळीच्या गुंत्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले मला दिसले. दुसऱ्या दिवशी मी ते सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “पुढे?”

तुमच्या या ‘पुढे’विषयी मला एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर बाकीचं बोलायचा मला हक्क नाही. आमच्या वस्तीतल्या पोरीला बरोबर उत्तर आलं की बाकीचे मास्तर ‘अरे वा’ म्हणायचे. त्या ‘अरे वा’त कौतुक थोडं असायचं आणि नवल जास्त. छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला तरी त्यांच्या डोळ्यांतलं ते नवल बदललं नव्हतं. तुम्ही मला कधी ‘अरे वा’ म्हटलं नाही. पाटलाच्या पोराला म्हणायचात तेच मला म्हणायचात, त्याच सुरात, तितक्याच कंटाळलेल्या चेहऱ्यानं. पुढे? म्हणजे माझ्यापुढे काहीतरी आहे आणि तिथवर मी जाऊ शकते, हे तुम्ही धरूनच चालला होता. असं मला कोणी धरलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य लिहिताना माझे दात आवळले गेलेत, पण लिहिलं.

पंचफुला माझ्या शेजारी बसायची. तिच्या बापाची पाच-सहा बांध्यांची, म्हणजे धानाच्या लहान तुकड्यांची शेती होती. घरात तिच्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मला तुमचा राग यायचा, तिला यायचाच नाही. तुम्ही ‘जाऊन पाह’ म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा, जसं काही कोणी जत्रेला जायची परवानगी दिली.

बी कसं रुजतं, हा धडा तुम्ही शिकवलाच नाही. वर्गात चण्याचे दाणे, गहू, धान असं ठेवलंत, काचेचे पेले मागवलेत, आणि म्हणालात, करा काय करायचं ते. आम्ही ओल्या फडक्यात ठेवलं, राखेत ठेवलं, एकानं उकळून ठेवलं. पंचफुलानं घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरून तळाशी गहू आणि धान टाकलं. गहू कुजला. धान मात्र त्या पाण्याखाली उगवलं. ती बरणी छातीशी धरून ती शाळेत आली होती, पाणी सगळं पोलक्यावर सांडलेलं.

“सर, पुस्तकात लिवलं आहे, आधी मूळ निंगते. याले मूळच नाही. नुसता कोंब वर जाऊन राहिला. काहून?”

तुम्ही बरणी खिडकीत उजेडाला धरलीत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्हाला फार आनंद झाला होता. तुम्ही म्हणालात, “काहून?” तिचाच शब्द तिला परत दिलात आणि बरणीही परत दिलीत.

ती पोरगी त्या ‘काहून’च्या मागे लागली ती लागलीच. पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. बरणी तोंडोतोंड भरून वर तेलाचा थर देऊन पाहिलं. बापाच्या बांधीत जाऊन चिखल उकरून पाहिलं. त्या वर्षभरात तिनं दुसरं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही रोज विचारायचात, “मंग?” ती रोज नवं काहीतरी सांगायची.

आणि बोर्डाची परीक्षा आली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड नुकतंच आलं होतं. अभ्यासक्रम नवा, जुने पेपर कामाचे नाहीत, काय विचारतील कोणालाच ठाऊक नाही. गावोगावच्या शाळांत मास्तर मार्गदर्शकं समोर ठेवून प्रश्नोत्तरं लिहून देत होते. आमच्या वर्गानंही तुमच्याकडे मागितली. तुम्ही म्हणालात, “उत्तरं माह्याकडं नाही. ज्याले पायजे त्यानं शोधा.”

माझा मोठा भाऊ भंडाऱ्याला कॉलेजात होता. त्यानं मला मार्गदर्शक आणून दिलं. मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं. चुलीपुढे पाठ केलं, नळावर पाठ केलं. तुम्ही एकदा ते माझ्या हातात पाहिलंत, आणि माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी मधल्या सुट्टीत कोणाचा डबा चोरून खाताना सापडले. मला तेव्हाही लाज वाटली नव्हती आणि आजही वाटत नाही. माझे बाबा रोजीनं जायचे. माझ्या घरात पास होणं ही एकच वाट होती आणि तिच्यावर शेवाळ, बुडबुडे बघत बसायला जागा नव्हती.

शास्त्राच्या पेपरात बी रुजण्याचा प्रश्न आला. लहानसा प्रश्न, चार ओळींत उत्तर संपावं असा. मी चार ओळी लिहिल्या आणि पुढे गेले. मधून मान वर केली तर पंचफुला लिहीत होती. पुरवणी मागत होती. मला वाटलं, पोरगी आज पेपर गाजवते. बाहेर आल्यावर मी विचारलं, “सगळं झालं?” ती म्हणाली, “बीवालं सगळं लिवलं. बरणीच्या आकृत्या काढल्या, तेलवाली बी काढली. मंग घंटीच झाली.” ती खूश होती, सर. तिला वाटत होतं, तिकडे नागपुरात तुमच्यासारखा कोणीतरी बसला असेल आणि तो वाचून म्हणेल, पुढे?

निकाल लागला. मी पास. पंचफुला शास्त्रात नापास, म्हणजे दहावीच नापास.

तिचे बाबा शाळेत आले तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दाखला घ्यायला आले होते, कार्यालयाच्या दाराशी उभी होते. धानाच्या रोवणीचे दिवस, अंगावर चिखलाचे शिंतोडे तसेच. त्यांनी आवाज चढवला नाही.

“मास्तर, तुमी तं म्हणत होते पोरगी हुशार आहे.”

“आहेच ना. वर्गात तिच्यासारखं कोणी नाही. नापास झाली म्हणून का तिची अक्कल गेली?”

“मंग तसं कागदावर लिवून द्या.”

तुम्ही टेबलावरचा खडू उचललात.

“लग्नाच्या बोलणीत पावणे कागद पायते मास्तर. दहावी पास का नापास, एवढंच इचारते. तुमी लिवून द्या का पोरगी हुशार आहे, मी थो कागद दाखवतो.”

ते कागदासाठी खरंच थांबले होते. तुम्ही खडू परत ठेवलात. मग ते गेले.

ऑक्टोबरला पुन्हा बसता येत होतं. एकाच विषयाचा तर प्रश्न होता. पंचफुला माझ्या घरी आली, आमच्या वस्तीत ती पहिल्यांदाच आली, आणि म्हणाली, “रतन, बाबा आयकत नाही. सर आले तं आयकतीन. बाबा सरले मानते. तू सांग ना सरले.” मी त्याच पावली तुमच्या खोलीवर आले. तुम्ही भात टाकला होता. मी म्हटलं, सर, चला. तुम्ही जे बोललात ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हालाच सांगते.

“तिले बसायचं असन तं तेच बोलन बापाशी. कोणाच्या ढकलण्यानं कोणी शिकत नाही, रतन. तिचं तिले ठरवू दे.”

पंधरा वर्षांची पोर, सर. तिचं तिला ठरवू दे. बापाच्या घरात कोणती भाजी शिजेल हे ती ठरवू शकत नव्हती. बी रुजायला हवा लागते, पाणी लागतं, ऊब लागते, हे तुम्ही आम्हाला पेल्यांमधून दाखवलंत. पोरीला काय लागतं ते तुम्हाला दिसलं नाही? की दिसलं, आणि बापाच्या दारात उभं राहून चार शब्द ऐकून घ्यायची तयारी नव्हती? तुमचं ते न सांगणं, न ढकलणं वर्गात फार सुंदर होतं. वर्गाबाहेर ते नुसतं अंग काढून घेणं होतं. मी खूप वर्षं याला दुसरं नाव शोधलं. सापडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पंचफुलाचं लग्न झालं आणि ती सिहोऱ्याला गेली. तुम्ही लग्नाला आला नाहीत.

मी भंडाऱ्याला डी.एड.ला लागले. तिथे पहिल्यांदा मोठं वाचनालय पाहिलं, आणि तिथे तुम्ही माझ्या मागे लागलात. प्राध्यापक काही सांगायचे आणि माझ्या कानात तुमचा आवाज यायचा, यानं पाहिलं काय? पुस्तकात काही वाचलं की मनात यायचं, पुढे? मला हा आवाज नको होता. मला चांगले मार्क पाहिजे होते आणि नोकरी पाहिजे होती. पण इतर मुली टिपणं उतरवून सिनेमाला जायच्या आणि मी कपाटांपाशी उभी. तिथेच एका शेतीच्या जुन्या पुस्तकात मला पंचफुलाच्या बरणीचं उत्तर सापडलं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, आणि मला रडू आलं ते तुमच्यावरच्या रागानं. इतकं सोपं होतं ते. दोन परिच्छेदांचं.

नोकरी मला मोहाडी तालुक्यात लागली, तुमच्या करडीपासून जवळच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी ठरवून टाकलं होतं की माझ्या वर्गातलं एकही लेकरू परीक्षेच्या कागदावर बुडणार नाही. मी उत्तरं लिहून देत होते, पाठ करून घेत होते, सकाळी शाळेच्या आधी बसवत होते. माझ्या शाळेतली मुलं शिष्यवृत्तीला लागू लागली. आया रस्त्यात थांबवून हात धरायच्या. मला वाटायचं, तुमच्यावर मी मात केली.

तुम्ही रिटायर होऊन गावी आलात आणि एक दिवस सायकल घेऊन माझ्या शाळेत हजर. म्हणालात, बसू काय मागं? मी नाही कशी म्हणणार? पाचवीचा वर्ग होता. पोरं एका सुरात पाण्याच्या तीन अवस्था म्हणत होती. तुम्ही मागच्या टाटपट्टीवर मांडी घालून बसला होता. मधेच तुम्ही कुंदा नावाच्या माझ्या एका पोरीला विचारलंत, “बाई, हे तुले कोणी सांगितलं?”

“आमच्या बाईनं.”

“आन् तुह्या बाईले कोणी सांगितलं?”

“पुस्तकानं.”

“आन् पुस्तकाले?”

कुंदा माझ्याकडे पाहायला लागली. सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. मग हसला. तुम्हीही हसलात. मी तास संपवला आणि तुम्हाला बाहेर पडवीत घेऊन आले.

तुम्ही म्हणालात, “रतन, तू त्याईले पोपट करून राहिलीस.”

“पोपटांना निदान शिष्यवृत्ती मिळते, सर. तुमच्या माणसांना काय मिळालं?”

“काय म्हणतेस?”

“पंचफुला म्हणते आहे मी. एकदा तरी गेलात सिहोऱ्याला? लग्नाला तरी?”

तुम्ही सायकलच्या घंटीवरून अंगठा फिरवत राहिलात. मग म्हणालात, “काय तोंडानं जाऊ?”

तुम्हाला लाज आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही तिला विसरलात. पण मी इतक्या वर्षांचा राग घेऊन उभी होते आणि तो एका वाक्यानं खाली ठेवायला मी तयार नव्हते. मी विचारलं, “तिच्या धानाला मूळ का आलं नाही, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?”

“नाही.”

“नंतर शोधलंत?”

“नाही शोधलं.”

“मी शोधलं. मला सापडलं.”

तुमचे डोळे एकदम बदलले. बरणी खिडकीत धरली होती तेव्हाचे झाले. “काय आहे? काहून येत नाही?”

आणि मी म्हटलं, “जाऊन पाहा.”

तुम्ही हसलात, म्हणालात, “बरोबर आहे तुहं,” आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलात. परत आला नाहीत. मी बोलावलंही नाही. लोक म्हणतील, बाई, आता वाईट वाटत असेल. मला त्या शब्दांचं वाईट वाटत नाही. तुम्ही गेलात आणि शोधलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही, याचं मात्र वाटतं.

तुम्ही माझा वर्ग बिघडवून गेलात, सर. दुसऱ्याच दिवशी कुंदानं विचारलं, “बाई, बरफाची वाफ होते ते तुमी पायलं काय?” मी ओरडले. पण शनिवारी चूल मांडली, भांडं ठेवलं, पोरांना भोवती बसवलं. पुढच्या शनिवारी तलावावर नेलं. आता सगळे शनिवार तसेच जातात. पण एक सांगते. मी आधी उत्तर लिहून देते, पाठ करून घेते, परीक्षेपुरतं त्यांच्या हातात काहीतरी ठेवते, आणि मग म्हणते, चला, हे खरं आहे का पाहू. मीही त्यांच्याबरोबर जाते. मला ठाऊक नसेल तर तसं सांगते, आणि सोमवारी शोधून आणते. शोधून आणते, सर. तुम्ही आम्हाला पाठवायचात आणि स्वतः खुर्चीवर बसून राहायचात. पोरांना जन्मभर शिकतं ठेवायचं असेल तर मास्तरनं त्यांच्या डोळ्यांदेखत शिकावं लागतं. एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या हुशार माणसाला कळू नये?

शोकसभेहून मी घरी गेले नाही. तुमसरला मुक्काम केला आणि सकाळी सिहोऱ्याला गेले. पंचफुला अंगणात धान वाळत घालत होती. जाड झाली आहे, केस पुढून पांढरे. मला ओळखलं आणि हातातलं सूप तसंच ठेवून आली. सासूनं चहा ठेवला. मी म्हटलं, कापगते सर गेले.

ती खाली बसली. “कवा?”

मी सांगितलं. ती बराच वेळ पायाशी पडलेले दाणे गोळा करत राहिली. मग मीच बोलत सुटले. सभेत कोण काय बोललं, तुझं नाव कोणी घेतलं नाही, तुझी वाट लावली त्या माणसानं आणि लोक त्याला हार घालतात. तिनं मला थांबवलं.

“रतन, तुहा राग तुहा आहे. त्याले माहं नाव नको लावू.”

“तुला राग येत नाही?”

“येत होता. मी ऑक्टोबरपावतर वाट पायली त्याईची. रोज वाटे, आज येतीन. मंग पावणे आले. मंग कायचा राग? पोरं झाले, सासरा अंथरुणाले खिळला. पण शाळेतले ते दोन वर्षं कोणी मले दुसऱ्यांदा दिले नाही. तेई खरं आहे.”

मी तिला बरणीचं उत्तर सांगितलं. पाण्यात हवा कमी असते. गव्हाला ती पुरत नाही, तो कुजतो. धान तेवढ्यावर धकवून घेतं. मूळ काढायच्या भानगडीत पडत नाही, असलेला सगळा जोर कोंबात घालतं आणि कोंब वर पाठवतं. तो पोकळ असतो. त्याचं टोक पाण्याबाहेर आलं की त्यातून हवा खाली येते, आणि मग मूळ सुटतं. तुझ्या ज्या बरणीत तेलाचा थर होता, तिथे तर टोकाला हवा मिळालीच नाही. तुझं सगळं बरोबर होतं, फक्त हे शेवटचं कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

तिनं नीट ऐकलं. एकदा मधे थांबवून विचारलं, कोंब पोकळ असते काय? मग म्हणाली,

“हे मले तवाच कोणी सांगितलं असतं, तं मी त्या पेपरात दोन ओळी लिवल्या असत्या आन् पुढच्या प्रश्नाले गेली असती.”

ती हे चिडून बोलली नाही, सर. हिशेब जुळावा तसं बोलली. मी इतकी वर्षं तुमच्याशी जे भांडले त्यातलं काहीच या वाक्यापुढे उभं राहत नाही. तुमचं तर नाहीच.

निघताना ती फाटकापर्यंत आली. सासू ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, “रतन, बाहेरून बसता येते म्हणते दहावीले. माह्या वयाच्या बायकाईले. खरं काय?”

मी म्हटलं, खरं आहे. अर्ज मी आणते. शिकवायलाही दर रविवारी मी येते. “तुझ्या घरी काय म्हणतील?”

“सासूले तू सांग. मास्तरीन आहेस, तुहं आयकन ते.”

मी परत अंगणात गेले. सासूबाईंच्या समोर बसले. त्या बोलल्या ते ऐकून घेतलं. या वयात कायले, घरचं कोण करन, लोक हासतीन. मी उठले नाही. दुसरा चहा झाला. पंचफुलाचा नवरा शेतावरून आला, त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, घरचं करून करते तं करू दे. सासूबाईंनी जाताना मला विचारलं, “बाई, रविवारी जेवाले इथंच राहान ना?”

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तिचं तिला ठरवू दे. तिचं ठरलेलंच होतं, सर. त्या ऑक्टोबरच्या आधीपासून ठरलेलं होतं. फक्त अंगणात येऊन बसायला कोणीतरी पाहिजे होतं.

मला आणखी बोलायचं होतं, पण पुस्तकं बांधायची आहेत. उद्या पहिला रविवार आहे आणि सकाळी तुमसरवरून सिहोऱ्याची बस धरायची आहे. ती बस तेव्हाही सुटत होती.

रतन